चाचणीनंतरचा तास

एप्रिल 2025, सकाळी 6:30

लॅब उघडली की पहिली नजर विजेच्या बोर्डाकडे जाते. मुख्य स्विच, मग इन्व्हर्टर, मग कोपऱ्यातला जुना संगणक. त्याला आम्ही सर्व्हर म्हणतो. सगळे प्रश्नसंच त्याच्यावर आहेत आणि बाकीची यंत्रं तारेनं त्यालाच जोडलेली आहेत, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी चाचणी थांबत नाही. यासाठी मी 'मूडल' ही मोफत प्रणाली वापरते. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी ती 2002 साली सर्वांसाठी खुली केली. मोठमोठी विद्यापीठं ती वापरतात आणि कळवणसारख्या तालुक्याच्या गावातली एक लॅबही ती एक रुपया न देता वापरू शकते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बारावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपली की राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेपर्यंत, म्हणजे सीईटीपर्यंत, ही लॅब माझ्या ताब्यात असते. यंदा, 2025 साली, पीसीबी, म्हणजे जीवशास्त्राच्या, गटाची सीईटी 9 एप्रिलपासून आहे आणि पीसीएमची, म्हणजे गणितवाल्यांची, 19 एप्रिलपासून. आता एप्रिलचा पहिला आठवडा चालू आहे. जीवशास्त्रवाल्यांच्या हातात मोजके दिवस उरलेत.

बाहेर कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीकडे निघालेत. आमच्या कसमादे पट्ट्यात उन्हाळ कांद्याची काढणी आणि सीईटी या दोन्ही गोष्टी नेमक्या याच दिवसांत येतात. अवकाळीच्या भीतीनं काढणीची घाई असते, मजूर मिळत नाहीत, आणि मग बारावी झालेलं पोर घरातलं सगळ्यात हाताशी असलेलं माणूस ठरतं. आज किती जण येतील याचा अंदाज मी हवामान बघून बांधते.

सकाळी 7:45

अभोण्याहून येणारी एसटी लागली की मुलांचा पहिला घोळका येतो. कनाशी, दळवट, जयदर या पट्ट्यातली काही मुलं इथल्या वसतिगृहांत राहतात, ती चालत येतात. घरी कोकणा किंवा अहिराणी, दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून विज्ञान इंग्रजीतून, असा बहुतेकांचा प्रवास आहे. परीक्षेला बसण्याआधी ही मुलं दोनदा भाषा बदलून आलेली असतात.

आज चार-पाच चेहरे नवीन आहेत. त्यांना थेट चाचणीला बसवायचं नाही. आधी अर्धा तास माऊस. मोबाइल यांच्या हातात लहानपणापासून आहे, म्हणून संगणकही सहज जमेल असं मोठ्यांना वाटतं. प्रत्यक्षात मुलं पडद्यालाच बोट लावतात. पर्यायाच्या गोलावर नेमका बाण नेणं, निवडलेलं उत्तर पुसणं, लांब प्रश्न खाली सरकवून पूर्ण वाचणं, 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबल्यावरच पुढे जाणं, या सगळ्याची सवय करावी लागते. जेईई देणाऱ्यांना आणखी एक गोष्ट शिकवते. तिथे संख्यात्मक उत्तर पडद्यावरच्या आकड्यांवर माऊसनं क्लिक करून भरायचं असतं, समोरचा कीबोर्ड वापरायचा नसतो.

ही सवय क्षुल्लक नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2015 आणि 2016 साली एकच परीक्षा काही शाळांनी कागदावर आणि काहींनी संगणकावर घेतली. बेन बॅकेस आणि जेम्स कोवन या संशोधकांनी निकाल ताडून पाहिले. संगणकावर परीक्षा देणाऱ्यांचे गुण कागदवाल्यांपेक्षा कमी भरले होते. दुसऱ्या वर्षी ती तफावत बरीच कमी झाली. म्हणजे ज्ञान तेवढंच असताना केवळ माध्यम अनोळखी असल्यानं गुण गळतात आणि सरावानं ते परत मिळवता येतात. श्रीमंत राज्यातल्या शाळेत हे घडत असेल, तर ज्याच्या घरात संगणकच नाही त्याचं किती नुकसान होत असेल?

म्हणून ही अर्ध्या तासाची ओळख मी कधीच टाळत नाही. यातून मिळणारे गुण सगळ्यात स्वस्त आहेत. ते मिळवायला एकही नवीन धडा शिकावा लागत नाही.

सकाळी 9:00

सीईटीचं सकाळचं सत्र नऊ ते बारा असतं, म्हणून आमची चाचणीही नऊलाच सुरू होते. शरीरालाही ती वेळ पाठ व्हावी. मोबाइल दाराशी ट्रेमध्ये, टेबलावर पेन आणि कोरे कागद.

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षानं 2019 पासून सीईटी संगणकावर घ्यायला सुरुवात केली. त्याच वर्षीपासून जेईई मेनही राष्ट्रीय चाचणी संस्थेकडे जाऊन संगणकावर आली. सीईटीच्या पीसीएम गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. त्यानंतर गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला 108 सेकंद, आणि गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. जेईई मेनमध्ये तीन तासांत 75 प्रश्न असतात, प्रत्येकी 144 सेकंद. दोन्ही परीक्षांची चाल वेगळी आहे. जेईई थांबून विचार करायला लावते. सीईटीत प्रश्न दिसताक्षणी तो कुठल्या वाटेनं सुटेल हे ओळखावं लागतं. हा वेग पुस्तक वाचून अंगी येत नाही. घड्याळ उलटं चालत असताना शंभर प्रश्न समोरून जाऊ द्यावे लागतात, तेही पुन्हा पुन्हा.

मी मागे उभी राहून पडद्यांच्या उजव्या बाजूच्या रंगीत चौकटी पाहते. सोडवलेले प्रश्न हिरवे, पाहून सोडून दिलेले लाल, परत यायचं म्हणून खूण केलेले जांभळे. एका मुलाची पहिली वीस घरं हिरवी आहेत आणि पुढचं सगळं कोरं आहे. तो एकाच प्रश्नावर अडून बसलाय. हात पाठीवर ठेवावासा वाटतो, पण चाचणी चालू असताना मी बोलत नाही. माझ्या वहीत नोंद करते, एवढंच.

सकाळी 10:30

पहिली 90 मिनिटं संपली. भौतिक-रसायन आपोआप जमा झालं आणि गणिताचा भाग उघडला. आता मागे जाता येत नाही. प्रत्यक्ष परीक्षेतही असंच होतं, आणि ज्यानं हे आधी अनुभवलेलं नसतं त्याचे 'शेवटी परत येऊन बघू' म्हणून ठेवलेले प्रश्न तसेच राहतात.

गणित फक्त इंग्रजीतून येतं. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीतूनही घेता येतं. गणिताला ती सोय नाही. त्यामुळे दहावीपर्यंत मराठीत गणित केलेल्या मुलांचा वेग इथे मंदावतो. काही ओठ हलवत वाचतात, काही वाक्य कागदावर उतरवून घेतात.

पावणेअकराच्या सुमाराला वीज जाते. पंखे थांबतात, इन्व्हर्टर घुमतो, यंत्रं चालू राहतात. दोन मुली दचकून माझ्याकडे बघतात. मी मान हलवते, त्या पुन्हा पडद्याकडे वळतात. परीक्षा केंद्रावर असं काही घडलं तर घाबरून हातातला वेळ घालवायचा नाही, हाही तयारीचाच भाग आहे.

दुपारी 12:00

चाचणी संपली. निकाल लगेच दाखवता येतो, पण मी तो बंद ठेवलाय. आकडा दिसला की मुलं एकमेकांचे आकडे विचारत सुटतात. ज्याचा कमी असतो तो भाकरीही नीट खात नाही. डबे उघडतात. भाकरी, बेसन, मिरचीचा ठेचा, कुणाकडे कांद्याच्या पातीची भाजी. अर्धा-पाऊण तास डोळ्यांना आणि डोक्याला विश्रांती.

नंबरांची यादी मी भिंतीवर लावत नाही. सीईटी अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. तुमच्या सत्रातल्या शंभरांपैकी किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुणांचे, हे त्यातून कळतं. ती तुलना राज्यभरातल्या मुलांशी आहे. लॅबमधल्या शेजाऱ्याला हरवून त्यात काहीच पदरात पडत नाही, उलट त्याला आलेलं गणित त्याच्याकडून समजून घेतलं तर पडतं.

दुपारी 12:45

आता दिवसाचं खरं काम सुरू होतं. याला मी चाचणीनंतरचा तास म्हणते, पण त्यासाठी पुढचे दोन तास राखून ठेवते आणि काहीही झालं तरी ते कापत नाही. गाडी चुकण्याची वेळ आली तर उद्याची चाचणी अर्धी करते, पण चाचणीनंतरचा तास पूर्ण घेते.

प्रत्येकाकडे एक चूक-वही आहे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी तीन रकाने भरायचे. मी काय निवडलं, ते का निवडलं, आणि पुढच्या वेळी प्रश्नातली कुठली खूण पाहून सावध व्हायचं. मधला रकाना सगळ्यात अवघड आहे. 'सिली मिस्टेक' असं लिहायला बंदी आहे, कारण त्या दोन शब्दांखाली मुलं काहीही झाकतात.

आजचा एक प्रश्न फळ्यावर घेते. वर्तुळाकार फिरणाऱ्या वस्तूची त्रिज्या निम्मी केली आणि मिनिटाला होणारे फेरे दुप्पट केले, तर केंद्रगामी त्वरण किती पट होईल? पर्याय 1, 2, 4 आणि 8. बरोबर उत्तर दुप्पट. त्वरण हे कोनीय वेगाच्या वर्गाला त्रिज्येनं गुणून मिळतं. कोनीय वेग दुप्पट म्हणून चार, त्रिज्या अर्धी म्हणून दोन.

पडद्यावर या प्रश्नाला तीन जणांच्या पुढे तीच लाल फुली दिसते. पण तिघांची चूक एक नाही. ज्यानं 4 निवडलं त्याला सूत्र येतं, तो त्रिज्या विसरला. ज्यानं 1 निवडलं त्यानं कोनीय वेगाचा वर्ग केला नाही, त्याला सूत्रच कच्चं आहे. आणि जिनं 8 निवडलं तिला वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे सूत्र पक्कं ठाऊक आहे, पण फेऱ्यांची संख्या म्हणजेच रेषीय वेग असं तिनं धरलं. तिची अडचण सगळ्यात खोल आहे, आणि तिच्या हाती तेच सूत्र पुन्हा दिलं तर ती हाच घोटाळा उद्या ग्रहांच्या गणितात करील. तिच्यासाठी मी छताच्या पंख्याकडे बोट दाखवते. पात्याचं टोक आणि पात्याचा मधला भाग, दोघांचे फेरे सारखे. अंतर कुणी जास्त कापलं? ती क्षणभर वर बघत राहते आणि मग स्वतःच वहीत मधला रकाना भरते.

संगणकानं मला तिघांची उत्तरं एका सेकंदात दिली. कोण कितव्या मिनिटाला त्या प्रश्नापाशी होतं, कुणी उत्तर बदललं, तेही सांगितलं. वीस-पंचवीस मुलांचे कागद हातानं तपासून हे शोधायचं तर माझी संध्याकाळ गेली असती आणि मुलं घरी निघून गेली असती. यंत्राचा उपकार इतका मोठा आहे. पण 8 या पर्यायामागे कुठला विचार होता, हे त्या मुलीला समोर बसवून विचारल्यावरच कळलं.

दुसरा प्रश्न गणिताचा. तीन नाणी फेकली, किमान एक छापा येण्याची संभाव्यता किती? उत्तर सात अष्टमांश. बऱ्याच जणांनी तीन अष्टमांश निवडलं, म्हणजे नेमका एक छापा धरला. मराठीत विचारल्यावर सगळे बरोबर सांगतात. अडचण 'ॲट लीस्ट' पाशी आहे. अशा शब्दांची एक पाटी लॅबमध्ये टांगली आहे, 'ॲट मोस्ट', 'एक्झॅक्टली', 'रिस्पेक्टिव्हली' वगैरे, आणि रोज चाचणीआधी ती वाचून घेतो. गणिताचा एक प्रश्न दोन गुणांचा असताना ही पाटी कितीतरी गुण वाचवते.

मग कोरे सोडलेले प्रश्न. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तरी मुलं प्रश्न कोरे ठेवून येतात, कारण येत नसताना उत्तर देणं त्यांना अप्रामाणिक वाटतं. हा त्यांचा चांगुलपणा आहे आणि तो मला मोडायचा नाही. मी एवढंच सांगते, की चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत हे तुला कळलं असेल तर तेही ज्ञानच आहे, त्याचे गुण मागायला लाजू नकोस. जेईईत मात्र चुकलं तर एक गुण जातो. तिथे विचार वेगळा.

शेवटी सगळ्यांना वह्या बंद करायला लावते आणि चुकलेले प्रश्न आठवणीतून पुन्हा सोडवायला सांगते. मुलांना हे आवडत नाही. उत्तर वाचलं, समजलं, मग परत कशाला? यामागे एक जुना, भक्कम प्रयोग आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी 2006 साली विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, तर दुसऱ्या गटाला तो एकदा वाचून नंतर आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. आपल्याला समजलंय असं वाटणं आणि परीक्षेच्या दिवशी ते हाताशी असणं यात एवढं अंतर आहे. मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ पाहणारी मुलं पहिल्या गटात असतात. त्यांना शिकल्याचं समाधान भरपूर मिळतं, आणि म्हणूनच पेपर बघून ती जास्त हादरतात.

दुपारी 2:45

स्टाफरूममध्ये चहा. एक सहकारी कळकळीनं सुचवतात, "मॅडम, एवढं चांगलं चाललंय तर पुढच्या वर्षी अकरावीपासून आठवड्यातले दोन तास वर्गातून काढून लॅबलाच देऊ या."

मी नको म्हणते. गुजरातमध्ये ग्यानशाला नावाच्या संस्थेच्या शाळांत ली लिंडन या अर्थतज्ज्ञानं नेमकं हेच तपासलं होतं. त्यांचा अभ्यास 2008 चा आहे. जिथे संगणकाचा तास शिक्षकाच्या तासाच्या जागी आला, तिथे मुलांचे गुण घसरले. जिथे तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर, जादा म्हणून दिला, तिथे मुलं सुधारली, आणि त्यातही मागे पडलेल्यांना फायदा अधिक झाला. ती मुलं लहान वर्गांतली होती, परीक्षा वेगळी होती, हे मान्य. पण त्यातला धडा आमच्याकडेही लागू पडतो. शिकवण्याचा तास कापून सरावाचा तास दिला, तर सराव करायला हाती काही उरत नाही. सहकारी विचारात पडतात आणि म्हणतात, मग संध्याकाळी लॅब उघडी ठेवायची सोय करायला हवी. त्यावर आमचं एकमत होतं.

दुपारी 3:30

नीट देणाऱ्या मुली थांबल्या आहेत. त्यांच्यासाठी संगणक बंद आणि ओएमआर पत्रिका हातात. 2025 ची नीट कागदावरच आहे. 180 प्रश्न, 720 गुण, तीन तास, काळ्या शाईच्या बॉलपेननं गोल भरायचे. 2024 च्या पेपरफुटीनंतर इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीनं संगणकीय पद्धतीकडे वळण्याची शिफारस केली आहे. पण 4 मे रोजी या मुलींना पेनच धरायचंय.

यातल्या दोघी सीईटीचा पीसीबी गटही देणार आहेत. आज माऊस, महिन्याभरानं पेन. म्हणून त्यांचा सराव मी मुद्दाम मिसळत नाही. या आठवड्यात सकाळी पडदाच, आणि सीईटी संपली की फक्त कागद. गोल भरायला किती सेकंद जातात तेही मोजून घेतो. संगणकावर चांगले गुण मिळाले म्हणून कागदावरही मिळतील असं गृहीत धरायचं नाही.

दुपारी 4:45

गाड्यांची वेळ. रविवारी रामनवमी आहे. सप्तशृंगी गडावर चैत्रोत्सव सुरू झाला की भाविकांसाठी जादा एसटी सोडाव्या लागतात आणि खेड्यांकडच्या फेऱ्यांचा भरवसा राहत नाही. त्या दिवसांचे प्रश्नसंच मी आत्ताच छापून देते.

मग न आलेल्यांना फोन. एक मुलगा कांदा काढतोय. वडिलांना पाठदुखी आहे, दुसरं कुणी नाही. त्याला रागावून काही होणार नाही. त्याच्याकडे महाज्योतीकडून मिळालेला टॅब आहे. नागपूरची ही संस्था इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गातल्या मुलांना सीईटी, जेईई, नीटसाठी टॅब आणि रोजचा 6 जीबी डाटा देते. टॅब ही मोठी मदत आहे, पण दिवसभर उन्हात वाकलेल्या मुलाला रात्री नऊला तासभराचं लेक्चर बघवत नाही. मी त्याला सांगते, व्हिडिओ राहू दे. फक्त पंचवीस प्रश्न सोडव, पंचवीस मिनिटं लावून. चुकलेल्या प्रश्नांचे फोटो पाठव आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिही, असं का वाटलं. केंद्र सरकारच्या 'साथी' या मोफत संकेतस्थळावरचे प्रश्न त्याला पुरतात. आयआयटी कानपूरनं ते चालवलंय. प्रश्नांची टंचाई आता कुठेच नाही. त्याची ती एक ओळ वाचणारं कुणीतरी हवं.

संध्याकाळी 6:15

एका मुलीचे वडील लॅबमध्ये आलेत. टोपी हातात घेऊन उभेच राहतात. बसा म्हटल्यावर कडेला टेकतात.

"मॅडम, पोरगी रोज कॉम्प्युटरवर बसती म्हनती. मंग नंबर लागंल ना?"

या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवं. जाहिराती काय सांगतात ते त्यांनी ऐकलंय. तसाच एक दावा अमेरिकेतला आहे. 2017 साली कॉलेज बोर्डानं जाहीर केलं होतं, की खान अकादमीवर वीस तास सराव केलेल्यांचे सॅट परीक्षेतले गुण आधीच्या चाचणीच्या तुलनेत सरासरी 115 नं वाढले आणि सराव न केलेल्यांचे 60 नं. आकडा मोठा दिसतो. पण वीस तास नेटानं बसणारी मुलं मुळातच जिद्दीची असू शकतात, त्यामुळे सगळी वाढ संगणकाच्या नावावर टाकता येत नाही. आणि सराव न केलेल्यांचेही गुण वाढलेच होते.

हे सगळं त्यांना मी माझ्या शब्दांत सांगते. "दादा, कॉम्प्युटर नंबर लावत नाही. तो तिला वेळेत पेपर पुरा करायला शिकवतो आणि कुठे चुकतं ते दाखवतो. चूक सुधारायचं काम ती करते, आम्ही मदत करतो. आठ दिवसांत ती बरीच पुढे आलीय. अजून थोडी येईल. तिला या दिवसांत शेतात नेऊ नका."

ते मान डोलावतात. मग मी प्रवेशाला लागणाऱ्या जात वैधता प्रमाणपत्राचं विचारते. अर्ज नाशिकच्या समितीकडे केलाय, पावती घरी आहे. पावती मुलीच्या फाइलला लावा, एक प्रत मला द्या, असं सांगते. मुलीचं परीक्षा केंद्र नाशिकला आलंय. नांदुरी, वणी, दिंडोरी करत पोहोचायला वेळ लागतो आणि सकाळच्या सत्राला नऊच्या बऱ्याच आधी हजर राहावं लागतं, म्हणून आदल्या रात्री मुक्कामाला जायचंय. कुणाकडे उतरायचं ते आजच ठरवा. रात्रभर न झोपलेल्या मुलीला लॅबमधला कुठलाच सराव तारणार नाही.

रात्री 8:30

घरी, जेवण उरकून, लॅपटॉपवर आजची आकडेवारी उघडते. कुठल्या प्रश्नाला किती जणांनी बरोबर उत्तर दिलं, प्रणाली टक्केवारीत दाखवते. उद्यासाठी सगळ्यांना एकच संच देणार नाही. ज्यांचा अकरावीचा पाया कच्चा आहे त्यांना आधी तोच देते. सीईटीत अकरावीचा भाग सुमारे 20 टक्के आणि बारावीचा 80 टक्के असला तरी बारावीचं घूर्णन अकरावीच्या गतीवर उभं आहे. दिल्लीत 'माइंडस्पार्क' या संगणक प्रणालीवर कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहान्द्रो गनिमियन यांनी केलेला अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. शाळेनंतरच्या केंद्रांवर साडेचार महिन्यांत गणितात मुलांनी मोठी मजल मारली होती. त्यातली बहुतेक मुलं आपल्या इयत्तेच्या बरीच मागे होती. प्रणालीनं त्यांना इयत्तेचं न देता त्यांच्या खऱ्या पातळीचं दिलं. माझ्यापाशी तसली प्रणाली नाही, म्हणून ते वर्गीकरण मी हातानं करते. तीन संच, तीन पातळ्या.

हे करताना एक गोष्ट रोज पक्की होत जाते. संगणकावरची तयारी उपयोगी आहे, याबद्दल मला शंका नाही. ती वेग देते, माध्यमाची भीती घालवते, चुका उघड्या पाडते. नाशिकच्या क्लासमध्ये लाखभर रुपये भरू शकणाऱ्या मुलाला जो सराव मिळतो, तोच दळवटच्या मुलीला फुकट मिळू शकतो, आणि ही अलीकडच्या काळातली फार मोठी गोष्ट आहे. पण तिचा सगळा उपयोग चाचणीनंतरच्या तासावर अवलंबून आहे. तो तास असला तर प्रत्येक चाचणी मुलाला एक पायरी वर नेते. नसला तर चाचण्यांच्या नुसत्या राशी होतात आणि मूल तीच चूक अधिक वेगानं करायला शिकतं.

आणि हा तास कुठल्याच खरेदीच्या यादीत नसतो. योजना आखल्या जातात तेव्हा यंत्रं, टॅब, डाटा, प्रश्नसंच यांचे दर मागवले जातात. चूक-वही घेऊन मुलासमोर बसणाऱ्या माणसाच्या वेळेचा दर कुणी मागवत नाही. तो वेळ कुणीतरी आपल्या सुट्टीतून देईल, असं धरून चालतात. नाशिक जिल्हा परिषदेनं 'सुपर 50' उपक्रमात अनुसूचित जाती-जमातींच्या निवडक मुलांना निवासी मार्गदर्शन दिलं आणि त्यातली मुलं जेईईत चमकली. तिथे यंत्राबरोबर शिक्षकही होते, दिवसभर होते. ते पन्नास जणांना शक्य असेल तर उरलेल्यांसाठी तालुक्यागणिक एक उघडी लॅब आणि मानधन घेऊन रोज दोन तास बसणारे दोन शिक्षक एवढं मागणं जास्त नाही. कळवणला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत, वसतिगृहं आहेत, महाविद्यालयांत यंत्रंही आहेत. संध्याकाळी पाचनंतर त्यातली बरीचशी बंद असतात. या लॅब उन्हाळ्यात आणि रात्री आठपर्यंत उघड्या ठेवायच्या, तिथल्या शिक्षकाच्या तासांची नोंद करायची आणि त्याचं मानधन द्यायचं, असा प्रस्ताव मी लिहायला घेतला आहे. सीईटी संपली की तो प्रकल्प कार्यालयात देणार आहे, आणि सोबत मुलांच्या चूक-वह्यांच्या प्रती जोडणार आहे. पहिल्या आठवड्यात मधल्या रकान्यात काय लिहिलं होतं आणि शेवटच्या आठवड्यात काय लिहिलंय, हे कुणीही अधिकारी शांतपणे वाचलं, तर पैसा कुठे लावायचा हे वेगळं सांगावं लागणार नाही.